लावा, थांबा, धुवा

...आणि वर म्हणते कशी, तर 'दहा मिनिटांचं काम आहे'! दहा मिनिटं! अहो, तुम्हाला सांगतो, तीन आठवडे झाले, ही कंबर बघा... इथपर्यंत वाकते, पण मग परत येत नाही, कुणीतरी धरून आणावी लागते... आणि ती बाई तिकडे फोनमध्ये हसतेय! कोण बाई म्हणून काय विचारता? व्हिडिओतली! पांढराशुभ्र शर्ट, शर्टावर एक डाग नाही, समोर एवढासा पेला, हातात एवढीशी बाटली, आणि मान अशी तिरकी करून म्हणते, "लावा, थांबा, धुवा... झालं!" काय झालं? कुणाचं झालं? तिचं पेल्याचं झालं असेल हो! माझ्याकडे पेला नव्हता. माझ्याकडे दार होतं.

थांबा, असं तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो. घाईत आहात का? नाही ना? मग बसा. मीही बसलो असतो, पण कंबर.

आमच्या घरात बाहेरची खोली आणि आईची खोली, यांच्यामध्ये एक दार आहे. वडिलांनी हौसेनं बसवलेलं. खाली लाकूड, वर एकच एक मोठी काच, कमरेपासून थेट डोक्याच्या वर. का, तर म्हणे उजेड येईल. उजेड आला, नाही असं नाही, पण उजेडाबरोबर आईची नजरही आली ना! आई ब्याऐंशीची. चाळीस वर्षं घरी बसून लोकांचे कपडे शिवले, मशीनचं पायडल मारून मारून गुडघे गेले, पण डोळे? डोळे असे शाबूत आहेत की सुईत दोरा अजून ती ओवून देते आणि मी चष्मा शोधत बसतो. तिची खुर्ची त्या दारासमोर. सकाळी सातला ती तिथे बसते. तिथून तिला दिसतं काय? घराचं मुख्य दार, जेवायचं टेबल, अर्धा गॅस, अख्खा फ्रिज. आणि फ्रिजवर काय आहे ते मी मग सांगतो.

दिसतं तर दिसू दे, बघायला कुणाची ना आहे? पण बोलते ना! काठीनं काचेवर टक-टक-टक. "सूनबाई, दूध उतू चाललंय." टक-टक. "आलास का? तासभर उशिरानं आलास." टक-टक. "हा शर्ट घालून चाललायस बाहेर? बगलेत उसवलाय." आणि हो, उसवलेलाच असतो! हेच तर दुखणं आहे, तिचं एकदाही चुकत नाही. चुकली असती तर भांडता तरी आलं असतं.

आता आमची ही. ही घरी बसून ऑफिसचं काम करते, त्या जेवायच्या टेबलावर. समोर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये तिचे साहेब, आणि हिच्या पाठीमागे? बरोब्बर! काचेचं दार, आणि दारामागे आमची आई. आईला डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ वर उचलायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. असं वीस वेळा. आता तुम्ही त्या साहेबांच्या जागी जाऊन बघा. बाई गंभीरपणे वर्षभराचे आकडे सांगतायत, आणि त्यांच्या डाव्या खांद्यावरून एक पाय हळूहळू वर येतोय! थांबतोय! परत खाली जातोय! साहेब आकडे ऐकेल की पाय मोजेल?

टेबल फिरवा म्हणाल. फिरवलं. मागे खिडकी आली आणि हिचा चेहरा काळा दिसायला लागला. तिकडे फिरवलं तर वायर पुरेना. पडदा लावा म्हणाल. लावला. पडद्यात एक मोठा दोष असतो, तो सरकतो. आईनं काठीचं टोक घातलं आणि सर्रकन बाजूला! चिकटवायचा धुरकट कागद मिळतो, तोही लावला. त्याला फुगे आले. ते आईनं शिवणाच्या सुईनं एकेक करून फोडले, आणि फोडता फोडता कागद कोपऱ्यातून असा सोलला की मला वाटलं ही केळं सोलतेय. काचवाल्याला बोलावलं. त्यानं बोटानं काच वाजवली, लाकडाच्या पट्टीत नख खुपसलं आणि तोंड वाकडं केलं. "पट्टी फुगलीय साहेब. काच काढायला गेलो की फुटणार. फुटली तर मी बोललो होतो म्हणून लक्षात ठेवा." आणि चहा पिऊन गेला. वडिलांच्या हातची काच. ती फुटली असती तर आईनं मला घरात ठेवलं असतं का?

अशात हिला मुलाखतीचं पत्र आलं. अकरा वर्षं हिनं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, आता विभागप्रमुखाची जागा, आणि त्यासाठी तीन मोठी माणसं हिला पडद्यावरून प्रश्न विचारणार, सोमवारी दुपारी चार वाजता. ही काही ओरडली नाही. ओरडली असती तर मी समजू शकलो असतो. लॅपटॉप मिटला, चष्मा काढला आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "अहो, सोमवारपर्यंत ती काच दुधी झाली पाहिजे. नाहीतर मी मुलाखत न्हाणीघरात स्टुलावर बसून देईन. आणि ती जागा हुकली ना, तर आयुष्यभर तुम्हाला त्या पायाची आठवण करून देईन." आणि ही करून देईल हो! माझ्या हातून हिच्या भावाच्या लग्नात सांडलेल्या चहाची अजून करून देते.

तेवढ्यात आमची कन्या. लांब शिकायला आहे, पण फोनवरून घर चालवते. "बाबा, काच काढायची कशाला? क्रीम मिळतं! काचेला लावायचं, काच आपोआप दुधी होते. व्हिडिओ पाठवते." पाठवला. आणि त्यात ती बाई... "लावा, थांबा, धुवा... झालं!"

आणि खरं सांगू? इथे कुणी ओळखीचं नाही म्हणून सांगतो. मी लगेच हो म्हणालो, त्यात माझाही स्वार्थ होता. फ्रिजवर बिस्किटांचा डबा आहे. मला साखर निघालीय, बिस्किटं बंद आहेत, डबा पाहुण्यांसाठी. आता घरात आम्ही तीनच माणसं, दुपारी ही कामात, मी हळूच उठतो, फ्रिजपाशी जातो, हात वर करतो, की टक-टक-टक! "ठेव खाली!" बासष्ट वर्षांचा माणूस आहे मी! तेव्हा मनात म्हटलं, काच दुधी झाली तर हिला जागा मिळेल आणि मला बिस्किट. सगळ्यांचं भलं होईल. आईचं काय, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. हे मात्र खरं.

गेलो दुकानात. रंग, खिळे, डिंक, सगळं विकणारं दुकान. मालक कंटाळलेला, मान वर करत नाही. मी म्हटलं, काच दुधी करायचं क्रीम. "किती मोठी काच?" मी दोन्ही हात पसरले. मग वर-खाली पसरले. तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "दार आहे?" मी म्हटलं, दार आहे. "हे पेल्यांसाठी असतं." मी म्हटलं, पेल्यांसाठी असलं म्हणून दाराला काय कळतंय? त्यानं सहा बाटल्या काढून ठेवल्या. "हातमोजे घाला. चष्मा घाला. मोकळ्या हवेत करा. कातडीला लागलं, डोळ्यात गेलं, तर माझ्याकडे येऊ नका, सरळ डॉक्टरकडे जा. काच आधी तीनदा पुसा, बोटाचा तेलकट डाग राहिला तरी तिथे क्रीम धरत नाही. आणि एकदा उमटलं की उमटलं. खोडता येत नाही, घासता येत नाही. परत आणून देऊ नका." एवढं बोलून तो पुन्हा खिळे मोजायला लागला. व्हिडिओतल्या बाईनं यातलं काही सांगितलं होतं का? एक अक्षर? ती फक्त हसत होती!

शनिवार सकाळ. उभ्या काचेला क्रीम लावलं तर ओघळणार, म्हणजे दार काढून आडवं करायला हवं. दार काढायला वरच्या मजल्यावरचे सल्लागार आले. त्यांचं खरं नाव मलाही माहीत नाही, सगळे त्यांना सल्लागारच म्हणतात, कारण त्यांच्या हातात कधी काही वजन नसतं. मी बिजागऱ्यांचे स्क्रू काढतोय, दार माझ्या खांद्यावर, आणि हे शेजारी हात मागे बांधून, "डावीकडे घ्या. तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे. गुडघ्यातून वाका, कमरेतून नको." अहो, मग धरा ना एक बाजू! "नाही, मला डॉक्टरांनी मनाई केलीय." आणि ही कमरेची गोष्ट तिथे सुरू झाली, बरं का.

दार काढलं. आता बघा गंमत, दार काढल्यावर मध्ये काय उरलं? काहीच नाही! काचसुद्धा नाही! आई खुर्चीत ताठ बसलेली, चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका. "वा! आता ऐकूही नीट येतंय."

आणि एक सांगायचं राहिलं. दार काढायच्या आधी, सकाळीच, आईनं मला हाक मारली. "अरे, माझी मापाची पट्टी दे बघू." मी म्हटलं, कशाला? "दाराचं माप घेऊन ठेवते. तुझं ते औषध फसलं तर निदान पडदा शिवायला तरी बरं." मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आई किती समजूतदार! मी स्वतः पट्टी दिली. तिनं खुर्चीत बसूनच पट्टीचं एक टोक दाराच्या तळाला लावायला लावलं, मग डोळ्यांसमोर काचेवर बोट टेकवलं, म्हणाली "इथपर्यंत किती?" मी वाचून दाखवला आकडा. मग आडवं माप, कडेपासून बोटापर्यंत. तोही वाचून दाखवला! पडद्याला मधलं माप कशाला लागतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? नाही पडला. कंबर नंतर गेली, डोकं तेव्हाच गेलं होतं.

दार गॅलरीत, दोन स्टुलांवर आडवं. काच तीनदा पुसली. साबणानं, मग स्पिरिटनं, मग कोऱ्या फडक्यानं. अशी लखलख झाली की सल्लागार वाकून स्वतःचे केस नीट करायला लागले. त्यांना म्हटलं, श्वास सोडू नका, डाग पडेल. ते रागावून गेले. मग मी आत गेलो तयारीला. भांडी घासायचे रबरी हातमोजे, गुलाबी. तोंडाला मास्क. आणि डोळे झाकणारा चष्मा हवा होता, तो नव्हता, म्हणून कन्येचा पोहायचा चष्मा. तो एवढा घट्ट की भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. असा बाहेर आलो तर गॅलरीत कोण? आई! काठी टेकत टेकत तिथपर्यंत आलेली, दाराशेजारी उभी. एक हात काठीवर, एक हात शालीत.

"कुठे निघालास, पोहायला?"

मी म्हटलं, आई, तू कशाला उठलीस, लांब हो, हे औषध जहाल आहे. "बघायला आले रे. माझ्या नवऱ्याचं दार आहे, निरोप नको द्यायला?" आणि गेली हळूहळू आत. तिच्या गुडघ्याच्या मलमाचा वास मागे राहिला, ते पिवळं, घट्ट, मेणासारखं मलम, एकदा लागलं की साबणालाही दाद देत नाही. मी म्हटलं, म्हातारी बिचारी, गुडघे दुखत असणार. डोळे भरून आले हो माझे! पोहायच्या चष्म्यात पाणी साठलं, आतल्या बाजूनं!

आणि त्या पाण्यातून, अंधूक दिसत असताना, मी लावायला सुरुवात केली. लावा! एक बाटली ओतली, पसरली, तळहाताएवढं झालं. दुसरी. तिसरी. एकीकडे लावतोय तर दुसरीकडे सुकतंय, तिकडे धावतोय तर इकडे पातळ झालंय. ब्रश घेतला, रेघा उठल्या. ब्रश टाकला, पुठ्ठ्यानं पसरलं, पुठ्ठा विरघळायला लागला. पाठीवर ऊन, मास्कमध्ये घाम, आणि वरच्या गॅलरीतून सल्लागारांचं डोकं, "उजवा कोपरा राहिलाय. तुमचा नव्हे, माझा उजवा." पाच बाटल्या संपल्या, सहावी निम्मी राहिली. थांबा! थांबलो. पंधरा मिनिटं. नुसतं थांबायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा, कंबर तशीच वाकलेली, सरळ करायला गेलो तर मीच ओरडायचो. मग धुवा! बादल्यांवर बादल्या. पांढरं पाणी वाहून गेलं, आणि काच...

काच जशीच्या तशी!

लखलख! आरपार! खालचं स्टूल दिसतंय, स्टुलाखालची फरशी दिसतेय, फरशीवरची माझी चप्पल दिसतेय! पाच बाटल्या, माझी कंबर, सोमवार, हिची जागा... मी तसाच, गुलाबी हातमोजे, कपाळावर पोहायचा चष्मा, दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, काहीच उमटलं नाही हो! "ओलं आहे का?" आत्ताच धुतलंय. "ओलं असताना दिसत नाही. वाळू द्या." फोन बंद. अहो, मग हे आधी सांगायचं ना! त्या बाईनं सांगायचं ना! लावा, थांबा, धुवा, आणि मग तासभर जीव टांगणीला लावून बसा, असं म्हणायचं ना!

बसलो. बादली पालथी घालून त्यावर. आणि मग तुम्हाला सांगतो, वरच्या कोपऱ्यातून सुरू झालं. काच वाळत गेली तसतशी पांढरी होत गेली, अंघोळीनंतर आरशावर वाफ धरते ना, तशी. कुठे जरा दाट, कुठे जरा विरळ, दोन-तीन ब्रशाच्या रेघा, पण दुधी! चक्क दुधी! मी एवढा खूश झालो की सल्लागारांकडे बघून हात हलवला. आणि खाली बघतो तर...

मधोमध जरा खाली... एक पंजा.

पंजा! पाचही बोटं पसरलेला, अंगठ्यासकट! भोवती सगळं दूध, आणि पंजा तेवढा स्वच्छ, आरपार! तिथे क्रीमनं धरलंच नव्हतं. मी नाक खाली नेलं. पिवळ्या मलमाचा वास.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे मापाची पट्टी! म्हणजे शालीतला हात! सल्लागारांच्या सल्ल्यानं दार उचललं, बिजागऱ्यांत बसवलं, लावून घेतलं, आणि आईला म्हटलं, जरा उठ, मला बसू दे तुझ्या खुर्चीत. बसलो. डोळे बरोब्बर पंज्यासमोर! एक बोट इकडे नाही, तिकडे नाही. त्यातून काय दिसत होतं? घराचं मुख्य दार. टेबल. अर्धा गॅस. आणि फ्रिजवरचा डबा! चाळीस वर्षं लोकांच्या अंगाला कपडे बसवलेली बाई, तिचं माप चुकेल?

"आई, हे काय आहे?"

"तोल गेला रे. आधाराला हात टेकला."

"तोल गेलेला माणूस आकडे पाठ करून, बोटं पसरून हात टेकतो का?"

मी खुर्चीतून बघत होतो. पंजा सोडला तर समोर सगळं पांढरं. तेवढ्यात बाहेर ही बाजारातून आली, आणि खरं सांगतो, ही आली ते मला कळलंच नाही. एक करडा ठिपका आला, हलला, मोठा झाला, लहान झाला. आवाज आला, पण लांबून आल्यासारखा. माझंच घर, माझीच बायको, दहा पावलांवर, आणि मला वाटलं, सगळे कुठेतरी गेलेत आणि मी मागे राहिलोय. नुसत्या दोन मिनिटांत असं वाटलं. आई तिथे सकाळी सातपासून बसते.

"मला काही तुमचं चोरून बघायचं नसतं रे," आई हळूच म्हणाली. "घरात कुणीतरी वावरतंय एवढं दिसलं म्हणजे पुरे. दूध काय, उतू जाईना का. बोलायला काहीतरी निमित्त लागतं." मला फार वाईट वाटलं. अर्धी बाटली गॅलरीत होती, पंजा भरून टाकायला दहा मिनिटं पुरली असती, खरी दहा मिनिटं. पण माझ्याच्यानं उठवेना. नाही, कंबर होतीच, पण तसंही उठवेना.

बाहेरून हाक आली, "अहो, हे काय?"

मेलो! ही दारासमोर उभी. वरपासून खालपर्यंत दार बघितलं. पंज्यापाशी थांबली. पंज्यातून तिकडे तिला माझा डोळा दिसला असणार, कारण दचकली. मग दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आईच्या हाताकडे बघितलं. आईनं हात शालीत घेतला. ही मला म्हणाली, "उठा." उठलो, म्हणजे उठवलं मला दोघींनी. ही खुर्चीत बसली. दार लावायला सांगितलं. मी बाहेर येऊन दार लावलं आणि उभा राहिलो, जणू आत माझंच ऑपरेशन चाललंय. एक मिनिट. दोन मिनिटं. मग ही बाहेर आली, पिशवीतली भाजी काढायला लागली, आणि पाठमोरीच म्हणाली, "राहू दे तो पंजा. पण सोमवारी चार ते पाच तिथे डोळा नको."

आतून आवाज, "चार ते पाच मी झोपते."

आता तुम्हीच सांगा, झोपली असेल?

सोमवार. चार वाजले. मी गॅसपाशी जमिनीवर बसलेलो, पडद्यावर दिसू नये म्हणून. ही ताठ, नवा शर्ट, पाठीमागे दुधी दार, एखाद्या मोठ्या कचेरीतलं वाटावं असं. तीन माणसं प्रश्न विचारतायत, ही फाडफाड उत्तरं देतेय, वीस मिनिटं सगळं सुरळीत. आणि एकदम तिघंही पडद्याजवळ सरकले. एक साहेब घसा खाकरून म्हणाले, "मॅडम... तुमच्या मागे... त्या हातामध्ये... डोळा आहे."

आणि तुम्हाला सांगतो, ही वळलीसुद्धा नाही! मान न हलवता म्हणाली, "सासूबाई आहेत. अकरा वर्षं माझ्या कामावर त्यांची देखरेख आहे. अजून एक चूक सुटलेली नाही."

त्या तिघांत जी मोठी बाई होती ती अशी हसली, अशी हसली... म्हणाली, "माझ्याकडेही आहेत. पण माझ्याकडे काच नाही." पुढची दहा मिनिटं सासवांवरच गेली. गुरुवारी पत्र आलं. जागा हिला! पत्र हातात घेऊन ही कुठे गेली असेल? माझ्याकडे? छे! आईच्या खोलीत. दार लावलं. दोघींचं आत काय चाललंय ते मी बघायला गेलो, तर बाहेरून त्या पंज्यातून काय दिसतं? एक शाल.

म्हणजे बघा, हिला जागा मिळाली, आईला घर मिळालं. दोघींचं जमलं! आता दोघी एकत्र चहा घेतात, मी आलो की गप्प होतात. ती व्हिडिओतली बाई खरंच सांगत होती, लावा, थांबा, धुवा, झालं. सगळ्यांचं झालं. राहिला कोण? मी!

परवाची गोष्ट. दुपार, ही लॅपटॉपमध्ये मान घालून, आईच्या खोलीत सामसूम. मी दाराकडे बघितलं. पंज्यात काही नाही, रिकामा. म्हटलं, झोपली. चवड्यांवर चालत फ्रिजपाशी गेलो. या कमरेनं हात वर केला, काय यातना झाल्या ते माझं मला ठाऊक. डबा उतरवला. झाकण उघडलं, आवाज न करता. बिस्किट उचललं...

टक-टक-टक.

वळून बघतो तर पंज्यात डोळा! "ठेव खाली!" आणि टेबलावरून, मान वर न करता, लॅपटॉपवरचं बोट न थांबवता, त्याच सुरात ही, "ठेवा खाली."

ठेवलं. काय करता? अर्धी बाटली अजून गॅलरीत आहे, पण ती लावायची माझी छाती नाही... पूर्वी माझ्यावर लक्ष ठेवायला घरात अख्खं दार लागायचं हो. आता एक पंजा पुरतो.